पायरेट्सना बॅटर हवेत, मग ड्राफ्टमध्ये पिचर का?

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पिट्सबर्गला राहायला आलात, पीएनसी पार्क या बेसबॉलच्या मैदानावर जायला लागलात आणि तिथल्या पायरेट्स संघाच्या प्रेमात पडलात. त्यांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पॉल स्कीन्स नऊपैकी सहा-सात इनिंग अप्रतिम टाकतो आणि तरीही संघ १-० नाहीतर २-१ असा हरतो. धावा काढणारं कोणी नाही हे शेंबड्या पोरालाही दिसतं. असं असताना जुलै २०२५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी नवी मुलं क्रमानं निवडून घेण्याच्या वार्षिक कार्यक्रमात, सहाव्या क्रमांकावर त्यांनी पुन्हा पिचरच का घेतला, तोही शाळेतून नुकताच बाहेर पडलेला? आणि जुलै २०२६ च्या ड्राफ्टमध्ये पाचवा क्रमांक मिळालाय, तर तिसऱ्या बेसवर (मैदानातल्या चार टप्प्यांपैकी तिसऱ्यावर) उभा राहील आणि धावाही काढेल असा कोण घ्यावा?

आधी माझ्याबद्दल, कारण कोण बोलतंय हे कळल्याशिवाय अशा उत्तरांना अर्थ नसतो. ओहायो आणि पश्चिम पेनसिल्व्हेनियात मी आधी शाळेच्या संघाचा कोच होतो, नंतर बरीच वर्षं एका क्लबसाठी अर्धवेळ स्काउट, म्हणजे होतकरू खेळाडू हेरणारा, म्हणून काम केलं. आमच्यासारख्यांना इथे 'बर्ड डॉग' म्हणतात. मुलगा पाहायचा, अहवाल लिहायचा, वर पाठवायचा. पुढे क्रॉसचेकर, म्हणजे आमचे अहवाल पडताळणारा, येतो, मग स्काउटिंग डायरेक्टर येतो, निर्णय ते घेतात. पायरेट्सशी माझा काही संबंध नव्हता आणि नाही. त्यामुळे त्यांच्या खोलीत काय बोलणं झालं ते मी सांगू शकत नाही. अशा खोल्यांमध्ये विचार कसा चालतो, ते सांगू शकतो.

तुमचं दुखणं खरं आहे. २०२५ मध्ये पायरेट्सनी ५८३ धावा काढल्या, मेजर लीग या सर्वांत वरच्या लीगमधल्या तीसही संघांत सर्वांत कमी. होमरनमध्येही (चेंडू थेट मैदानाबाहेर मारण्यातही) तळाला. त्याच वर्षी स्कीन्सचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, जितका कमी तितका चांगला) १.९७ होता, मेजर लीगचा एक अर्धा भाग असलेल्या नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला एकमतानं मिळाला आणि त्याच्या नावावर विजय १०, पराभवही १०. मे महिन्यात फिलाडेल्फियात त्यानं एकट्यानं पूर्ण सामना टाकला आणि १-० नं हरला. तेव्हा गरज काय आहे यावर आपलं भांडण नाही.

भांडण आहे ते पुढच्या वाक्यावर, 'म्हणून ड्राफ्टमध्ये बॅटर घ्या' यावर.

पायरेट्सचे गेल्या काही वर्षांतले पहिल्या फेरीतले पहिले पिक, म्हणजे निवडी, ओळीनं पाहा. २०२० मध्ये सातव्या क्रमांकावर निक गोन्झालेस, सेकंड बेसमन, म्हणजे दुसऱ्या बेसवरचा क्षेत्ररक्षक. २०२१ मध्ये अख्ख्या ड्राफ्टमध्ये पहिला, हेन्री डेव्हिस, कॅचर (क्रिकेटच्या यष्टिरक्षकासारखा), आणि घेतला तो बॅटसाठीच. २०२२ मध्ये चौथ्या क्रमांकावर टरमार जॉन्सन, शाळेतला सेकंड बेसमन, 'हात सोन्याचे आहेत' असं ज्याच्याबद्दल सगळे म्हणत. २०२३ मध्ये स्कीन्स. २०२४ मध्ये नवव्या क्रमांकावर कॉनर ग्रिफिन, शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक. २०२५ मध्ये सेथ हर्नांडेझ, पिचर. सहा वर्षांत चार बॅटर आणि दोन पिचर. लागोपाठ तीन वर्षं बॅटर घेऊन झाले आणि तरी २०२५ मध्ये धावांच्या यादीत संघ शेवटचा. म्हणजे 'हे लोक बॅटर घेतच नाहीत' हा आरोप टिकत नाही. घेतात. घेतलेल्यांचं पुढे काय होतं, दुखणं तिथे आहे. त्याकडे मी नंतर येतो.

त्याआधी वेळेचा हिशेब. आपण भारतात आयपीएलचा लिलाव पाहून मोठे झालो. तिथे लिलावात घेतलेला खेळाडू काही महिन्यांतच मैदानात असतो, म्हणून लिलावात 'आम्हाला फिनिशर हवाय' असं म्हणणं रास्त आहे. बेसबॉलचा ड्राफ्ट तसा नाहीच. इथे निवडलेला मुलगा मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, जातो आणि पायरी पायरीनं वर येतो. गोन्झालेस २०२० मध्ये निवडला, मेजर लीगमध्ये आला जून २०२३ मध्ये. डेव्हिसला दोन वर्षं लागली आणि ते लवकर मानलं गेलं. टरमार जॉन्सन २०२५ चा मोसम संपला तेव्हाही डबल-ए मध्येच, मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली, होता. स्कीन्स दहा महिन्यांत वर आला, पण स्कीन्स हा नियम नव्हे. घरी पाहुणे आले म्हणून कोणी अंगणात हापूसचं कलम लावायला घेत नाही. रस आजच हवा असेल तर बाजारातून पेटी आणायची, आणि कलम लावायचं ते पाच वर्षांनी कोण जेवायला असेल याची पर्वा न करता.

बाजार म्हणजे ट्रेड (क्लबांमधली खेळाडूंची अदलाबदल) आणि करार. आजची गरज तिथे भागवायची. २०२५ च्या जुलैअखेरीस पायरेट्सनी तिसऱ्या बेसवरचा की'ब्रायन हेज सिनसिनाटीला दिला, म्हणून तुम्हाला तिथे खड्डा दिसतोय. पण तो खड्डा २०२६ चा आहे. जुलै २०२६ मध्ये निवडलेला मुलगा तो बुजवायला कॉलेजचा असला तरी साधारण २०२८ मध्ये येणार, शाळेतला असला तर २०३० धरून चाला. तोवर तिसऱ्या बेसवर कोण असेल हे पायरेट्सचे जनरल मॅनेजर बेन चेरिंग्टन यांनाही ठाऊक नाही. हेजचंच बघा. २०२२ मध्ये त्याच्याशी आठ वर्षांचा, ७ कोटी डॉलरचा करार झाला होता. त्या दिवशी कोणी म्हणालं असतं की 'आता २०२९ पर्यंत थर्ड बेसमन नको', तर सगळ्यांनी मान डोलावली असती.

शिवाय निवडीच्या दिवशी मुलाच्या नावापुढे जी जागा लिहिलेली असते तिच्यावर फार विसंबू नये. शाळेच्या संघात सगळ्यांत चपळ, सगळ्यांत जोरदार हाताचा मुलगा शॉर्टस्टॉपला उभा केला जातो. तिथून अंग भरलं की तिसऱ्या बेसवर, पाय मंदावले की सेकंडला, हात बरा असला तर आउटफिल्डला (लांबच्या मैदानात) आणि काहीच उरलं नाही तर फर्स्ट बेसवर, अशी उतरंड असते. वर चढणारे विरळा. म्हणून स्काउट थर्ड बेसमन शोधत नाहीत, शॉर्टस्टॉप शोधतात आणि त्यातला एखादा पुढे तिसऱ्या बेसवर सरकतो. अठराव्या वर्षीच फर्स्ट बेसवर उभा असलेला मुलगा आला की माझी पेन्सिल जरा थांबते. त्याला फक्त बॅट जगवणार, आणि ती बॅट असामान्य हवी.

गरजेपोटी ड्राफ्ट करण्याचं टोकाचं उदाहरण म्हणजे लॉस एंजेलिस एंजल्स, २०२१. त्यांच्याकडे माइक ट्राउट आणि शोहेई ओहतानी असे तारे होते, आणि पिचिंगच्या नावानं बोंब होती. त्यांनी त्या वर्षी वीसच्या वीस फेऱ्यांत पिचर घेतले. एकही बॅटर नाही. त्यातले काही मेजर लीगमध्ये आले, एक-दोन ट्रेडमध्ये कामी आले. पण २०१५ नंतर २०२५ पर्यंत त्या संघाला एकही मोसम विजय जास्त आणि पराभव कमी असा संपवता आलेला नाही, आणि ओहतानी २०२३ नंतर निघून गेला.

उलट उदाहरण शिकागो कब्जचं. त्यांचाही पिचिंगचा दुष्काळ होता. तरी २०१२ ते २०१५ या चार वर्षांत त्यांचे पहिले पिक सगळे बॅटर: आल्मोरा, ब्रायंट, श्वार्बर, हॅप. कारण त्या क्रमांकाला तेच सगळ्यांत चांगले वाटले, आणि बॅटर पिचरपेक्षा कमी मोडतात असा त्यांचा हिशेब होता. पिचिंग त्यांनी बाहेरून आणलं. २०१३ मध्ये बाल्टिमोरकडून जेक अरिएटा ट्रेडमध्ये घेतला, २०१४ च्या डिसेंबरात जॉन लेस्टरला सहा वर्षांसाठी साडेपंधरा कोटी डॉलर दिले. २०१६ मध्ये १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. हे ऐकून तुम्ही म्हणाल, मग तेच करा की! इथे परिस्थिती आडवी येते. शिकागोकडे साडेपंधरा कोटींचा चेक फाडायची ऐपत होती. पिट्सबर्गचा मालक तसा चेक फाडत नाही, त्याची कारणं काय आणि ती खरी किती यावर इथल्या बारमध्ये रोज भांडणं होतात, मी त्यात पडत नाही. मी एवढंच धरून चालतो की पैसा नाही. मग चलन म्हणून दुसरं काय आहे?

तरुण पिचर. आणि इथे हर्नांडेझच्या निवडीचा अर्थ लागायला लागतो.

पायरेट्सच्या पिचरांची पैदास पाहा. जॅरेड जोन्स २०२० मध्ये दुसऱ्या फेरीत. ब्रॅक्स्टन ॲशक्राफ्ट २०१८ मध्ये दुसऱ्या फेरीत. बब्बा चँडलर २०२१ मध्ये तिसऱ्या फेरीत. माइक बरोज २०१८ मध्ये अकराव्या फेरीत, कनेटिकटच्या एका शाळेतून. यातले सगळे मेजर लीगपर्यंत आले. म्हणजे या संस्थेला पिचर घडवता येतात, तेही मागच्या फेऱ्यांतले. आता २०२५ च्या डिसेंबरात काय झालं? तीन संघांच्या ट्रेडमध्ये बरोज ह्यूस्टनला गेला आणि टँपा बेकडून ब्रँडन लाव पायरेट्सकडे आला, आधीच्या मोसमात ३१ होमरन मारलेला सेकंड बेसमन. सोबत जेक मँगम आणि मेसन माँटगोमेरीही आले. त्याआधी योहान ओव्हिएडो हा पिचर बोस्टनला देऊन जॉस्टिन्सन गार्सिया हा आउटफिल्डर आणला होता. मग रायन ओ'हर्नशी दोन वर्षांचा करार. अकराव्या फेरीतल्या पोराचे सात वर्षांनी ३१ होमरन झाले! तुम्हाला हवे असलेले बॅटर असे येतात. जुलैतल्या ड्राफ्टच्या मंचावरून क्वचितच येतात. आणि हे आजचं नाही. ब्रायन रेनॉल्ड्स, या संघाचा गेल्या कित्येक वर्षांतला सगळ्यांत भरवशाचा बॅटर, त्यालाही जायंट्स या दुसऱ्या क्लबनं ड्राफ्ट केलं होतं. पायरेट्सकडे तो २०१८ मध्ये अँड्र्यू मॅककचनच्या बदल्यात आला.

याचा अर्थ शाळेतला पिचर घेणं शहाणपणाचंच असतं असा नव्हे. ड्राफ्टमधला सगळ्यांत धोक्याचा माल तोच. अठरा वर्षांचं कोपर, त्यावर ताशी ९८ मैलांचा भार. जोन्सच्या कोपरावर मे २०२५ मध्ये शस्त्रक्रिया झाली, ओव्हिएडोचा २०२४ चा अख्खा मोसम तशाच शस्त्रक्रियेत गेला. म्हणून तर क्लबांना एकाच वेळी डझनभर तरी बरे पिचर हाताशी लागतात. डॉक्टरी तपासणीवरून काय घडू शकतं त्याचं उदाहरण म्हणजे कुमार रॉकर. आईकडून भारतीय वंशाचा, त्यामुळे आपल्या लोकांना नाव माहीत असेल. २०२१ मध्ये मेट्स या न्यूयॉर्कच्या क्लबनं त्याला दहाव्या क्रमांकावर निवडलं, ६० लाख डॉलरवर बोलणीही ठरली आणि तपासणीचे अहवाल पाहून त्यांनी माघार घेतली. पुढच्या वर्षी टेक्ससनं तिसऱ्या क्रमांकावर उचलला. एकच हात, दोन क्लबांचे डॉक्टर, दोन मतं. टीव्हीसमोर बसून आपण जे 'याला कसं सोडलं?' म्हणतो, त्यातल्या कित्येक वेळा उत्तर एखाद्या एमआरआयमध्ये असतं आणि ते बाहेर येत नाही.

पैशांचा भाग आता सांगतो, कारण तो समजल्याशिवाय कुठलीही निवड नीट वाचता येत नाही. २०१२ पासून प्रत्येक पिकला ठरलेली रक्कम असते, तिला स्लॉट म्हणतात. पहिल्या दहा फेऱ्यांचे स्लॉट मिळून क्लबची एक थैली बनते. थैलीच्या आत कोणाला किती द्यायचे ते क्लबनं ठरवायचं. थैलीवर पाच टक्क्यांपर्यंत जास्त खर्च केला तर नुसता कर भरून सुटका होते. त्याच्या वर गेलात तर पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक जातो, म्हणून तिथे कोणीच जात नाही. म्हणजे वर वाचवलेले पैसे खाली वापरता येतात.

२०२१ मध्ये पायरेट्सनी हेच केलं. पहिल्या क्रमांकाचा स्लॉट साधारण ८४ लाख डॉलरचा होता. डेव्हिस ६५ लाखांत तयार झाला. वाचलेल्या पैशांत त्यांनी खालच्या फेऱ्यांत असे मुलगे घेतले जे एरवी कॉलेजला निघून गेले असते. त्यात चँडलर होता. क्लेमसन विद्यापीठात अमेरिकन फुटबॉलचा क्वार्टरबॅक म्हणून जाणार होता, ३० लाख डॉलर देऊन त्याला वळवला. डेव्हिसची बॅट अजून चाललेली नाही, हे सगळ्यांना दिसतं. पण चँडलर ऑगस्ट २०२५ मध्ये मेजर लीगमध्ये आला. २०२१ ची निवड फसली की साधली? दोघांना मिळून एकच निवड धरली, तर तुमचं उत्तर बदलेल. माझं बदललं. क्लबचा ड्राफ्ट एका नावानं मोजणं हा टीव्हीचा खेळ आहे.

उलटही घडतं. २०१२ मध्ये पायरेट्सनी आठव्या क्रमांकावर मार्क अपेलला निवडलं, त्यानं सहीच केली नाही आणि कॉलेजात परत गेला. सही झाली नाही की त्या पिकची रक्कमही थैलीतून जाते. भरपाई म्हणून पुढच्या वर्षी नववा पिक मिळाला, पण एक वर्ष गेलंच. तेव्हा 'हा मुलगा किती घेईल' हा प्रश्न 'हा मुलगा किती चांगला' याच्या इतकाच महत्त्वाचा असतो. मे महिन्यात स्काउट मुलाच्या घरी जाऊन आईवडिलांशी चहा-कॉफी घेत बसतात, ते बरंचसं यासाठीच.

आता मघाचं राहिलेलं. गोन्झालेस, डेव्हिस, जॉन्सन हे तिघेही निवडले गेले तेव्हा निवडी वेड्या नव्हत्या. त्यावेळच्या कुठल्याही यादीत ते त्याच आसपास होते. तरी तिघांपैकी एकही आजवर अपेक्षेएवढा फुललेला नाही. एक फसला तर नशीब म्हणा. ओळीनं तिघे अडखळले की मी मायनर लीगमधल्या हिटिंग कोचिंगकडे बोट दाखवीन, स्काउटकडे नाही. हे माझं मत आहे, पुरावा देऊन सिद्ध करता येईल असं नाही. पण ड्राफ्टच्या बाबतीत गरजेचा विचार करायचाच असेल तर तो इथे करावा: आपल्याला काय घडवता येतं? जी संस्था पिचर घडवते आणि बॅटर बिघडवते, तिनं तुल्यबळ दोघांतला पिचर घेतला तर तो लांबच्या हिशेबाने शहाणपणाही असू शकतो. सोबत बॅटरांचं खातं सुधारायला हवं, नाहीतर हा शहाणपणा कायमची सबब होऊन बसतो.

ग्रिफिन या चित्राला अपवाद ठरेल असं दिसतंय. २०२४ मध्ये त्याच्या आधी निवडलेले आठही मुलगे कॉलेजचे होते. मिसिसिपीतला हा शाळकरी, अंगानं देखणा, पळण्यात वारा, पण 'चेंडू बॅटवर येईल का?' ही शंका सगळीकडे होती. २०२५ मध्ये त्यानं मायनर लीगच्या तीन पातळ्या एका मोसमात ओलांडल्या, बॅटिंगची सरासरी .३३३, २१ होमरन, ६५ बेस चोरले (म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच पुढच्या बेसवर पळाला). म्हणजे शॉर्टस्टॉपची जागा पुढची काही वर्षं त्याची धरा.

'मग आता शॉर्टस्टॉप नको' असं म्हणायच्या बेतात असाल तर थांबा.

ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या डिसेंबर २०२५ च्या लॉटरीत पायरेट्सना पाचवा क्रमांक मिळाला. त्यांच्या पुढे व्हाइट सॉक्स, रेज, ट्विन्स आणि जायंट्स हे क्लब. आणि २०२६ चा वर्ग नेमका शॉर्टस्टॉपचा आहे. युसीएलए विद्यापीठाचा रॉक चोलोव्स्की सगळ्यांच्या यादीत वर. २०२५ च्या मोसमात २३ होमरन मारले आणि क्षेत्ररक्षणही पक्कं. तो पाचव्यापर्यंत उतरेल अशी आशा धरू नका. टेक्ससमधला शाळकरी ग्रेडी एमर्सन, डावरी बॅट, त्याच्याही वाट्याला येणं कठीण. त्यानंतर खरी गंमत सुरू होते. अलाबामाचा जस्टिन लेब्रॉन, ज्याचं क्षेत्ररक्षण पाहत बसावं असं आहे पण स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) जास्त. फ्लोरिडातला जेकब लोंबार्ड, त्याचा भाऊ २०२५ मध्ये यांकीज क्लबच्या मायनर लीगमध्ये होता आणि वडील स्वतः मेजर लीगमध्ये खेळलेले. जॉर्जिया टेकचा ड्रू बरेस, आउटफिल्डर, उंचीनं लहान पण पहिल्याच कॉलेज मोसमात २५ होमरन मारलेला. त्याच्याच संघाचा कॅचर व्हान लॅकी. पिचरांत कोस्टल कॅरोलायनाचा कॅमेरन फ्लुकी.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर यातून येतं. २०२६ मध्ये बॅटर घ्यावा असं मलाही वाटतं. या क्रमांकाला जे चांगले उरतील त्यातले बहुतेक बॅटरच असतील, हे त्याचं कारण. संघाला धावा कमी पडतात हे कारण नव्हे. लेब्रॉन किंवा लोंबार्ड घेतला तर ग्रिफिन असताना दुसरा शॉर्टस्टॉप कशाला, असं लोक विचारतील. तर त्यातला एक तिसऱ्या बेसवर सरकेल, आणि तुमचा खड्डा तसा बुजेल. पण समजा वरच्या चौघांनी सगळे बॅटर नेले आणि फ्लुकी मे महिन्यापर्यंत पहिल्या तिघांत गणला जाऊ लागला, तर पायरेट्सनी पुन्हा पिचर घ्यावा आणि शिव्या खाव्यात.

कॉलेजचा की शाळेतला, इथे मात्र रोस्टरचा, म्हणजे संघात तेव्हा कोण असेल याचा, विचार शिरतो आणि शिरावा. स्कीन्सनं २०२४ मध्ये रूकी ऑफ द इयर हा सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार जिंकल्यामुळे त्याचं ते वर्ष सेवेचं पूर्ण वर्ष धरलं गेलं. सहा वर्षं भरली की खेळाडू दुसऱ्या क्लबशी करार करायला मोकळा होतो, म्हणजे स्कीन्स २०२९ च्या मोसमापर्यंत पायरेट्सचा. कॉलेजचा बॅटर २०२८ ला आला तर दोन मोसम तरी दोघे एकत्र खेळतील. शाळेतला आला तर बहुधा स्कीन्स दुसऱ्या कुठल्या शहरात असेल. दोघे मुलगे अगदी सारखे वाटत असतील तर मी याच कारणासाठी कॉलेजचा घेईन. सारखे वाटत नसतील, शाळकरी अर्ध्या पायरीनंही वर असेल, तर शाळकरीच. ग्रिफिनच्या वेळी पायरेट्सनी हेच केलं आणि त्याला सोडणारे काही क्लब आज हात चोळत असतील.

एक लक्षात ठेवा, ही यादी कॉलेजचा २०२६ चा मोसम सुरू व्हायच्या आधीची आहे. तो फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होतो आणि याद्या उलथतात. २०२३ च्या मोसमाआधी पहिल्या क्रमांकासाठी नाव चालायचं ते डिलन क्रूजचं. स्कीन्स त्याच्याच एलएसयू विद्यापीठाच्या संघात नुकताच एअर फोर्स अकादमीतून आलेला होता, तिथे तो कॅचरही होता. जूनपर्यंत स्कीन्सचे २०९ स्ट्राइकआउट झाले आणि पहिला तो निवडला गेला, क्रूज दुसरा.

तुम्हाला स्वतः पाहायचं असेल तर होमरन मोजू नका. कॉलेजात ॲल्युमिनियमची बॅट असते, ती खोटं बोलते. उन्हाळ्यात केप कॉड लीग या कॉलेजच्या मुलांच्या लीगमध्ये लाकडी बॅटनं त्यानं काय केलं ते आधी शोधा. मग तो कुठले चेंडू सोडतो ते बघा. दोन स्ट्राइक झाल्यावर बाहेर वळणाऱ्या स्लायडरमागे बॅट जाते का? एका सामन्यात कळत नाही, तीन-चार पाहावे लागतात. शॉर्टस्टॉपचे पाय बघा, हात नंतर; चेंडू यायच्या आधी पहिलं पाऊल कुठे पडतं त्यावरून तो जागेवर टिकेल की तिसऱ्या बेसवर सरकेल याचा बराच अंदाज येतो. आम्ही हे सगळं २० ते ८० च्या मोजपट्टीवर लिहितो, ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी. शाळकरी मुलाच्या बॅटला आज ३० आणि उद्या ६० असं लिहिताना मधल्या ३० ची जबाबदारी कोण घेणार, हा प्रश्न प्रत्येक अहवालात असतो.

तुम्ही शेवटी सहज विचारलंय की आपल्याकडचा एखादा मुलगा या ड्राफ्टमध्ये येऊ शकतो का. पुण्या-मुंबईतला नाही. ड्राफ्ट फक्त अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको इथल्या शाळा-कॉलेजांपुरता. बाकी जगातले खेळाडू थेट करार करतात. योगायोग असा की रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना २००८ मध्ये असा करार देणारा क्लब पायरेट्सच होता, आणि २००९ मध्ये रिंकू अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा सामना जिंकणारा पहिला भारतीय पिचर ठरला. मेजर लीगपर्यंत दोघेही पोहोचले नाहीत. मात्र न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किंवा पिट्सबर्गमध्ये वाढलेला मराठी मुलगा इथल्या शाळेत खेळत असेल तर तो बाकीच्यांसारखाच ड्राफ्टला पात्र आहे. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर त्याला बारा-तेराव्या वर्षी वर्षभर पिचिंग करायला लावू नका, एवढं त्याच्या वडिलांना सांगा. कोपराचा बराचसा निकाल तिथेच लागतो.